कोंबड्यांची घरघर आणि माझा दीड महिना

चार वर्षं कोंबड्या पाळतोय पण कोंबडी आजारी पडून शिंकते हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे भुसा उकरताना धूळ उडाली की एखादी छिक् करते, ते ऐकलेलं, पण त्याकडे कोण लक्ष देतं. त्या दिवशी सकाळी दाणे टाकताना काळी शिंकली, दोन सेकंदांनी परत शिंकली, मान झटकली आणि नाकपुडीतून पाण्याचा एक थेंब उडाला. मी म्हटलं धूळ असेल. मुलगी म्हणाली बाबा काळीला सर्दी झाली, आणि आम्ही हसलो.

आता मागे बघितलं की हसू येत नाही, कारण त्याच्या बरोबर बारा दिवस आधी मी दोन नव्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाच्या तरुण कोंबड्या, आणल्या होत्या आणि आणल्या त्याच संध्याकाळी सरळ खुराड्यात सोडल्या होत्या. वेगळं ठेवायचं असतं हे वाचलेलं होतं, तीस दिवस ठेवा असं म्हणतात तेही माहीत होतं, पण दोघी इतक्या टुणटुणीत, डोळे चकचकीत, तुरे लालभडक, म्हटलं यांना काय धाड भरलीय. शिवाय वेगळं ठेवायचं म्हणजे वेगळी जाळी, वेगळं भांडं, वेगळी साफसफाई. कंटाळा. खरं कारण एवढंच.

तर आधीच्या नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणि या दोन नव्या अशी बारा जणांची वस्ती. पहिले दोन दिवस फक्त काळी. तिसऱ्या दिवशी पिंगीच्या डाव्या डोळ्यात फेस दिसला, साबणाच्या पाण्याचे बारीक बुडबुडे असतात ना अगदी तसे, कोपऱ्यात जमलेले. आणि कोंबडा, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो, तो आरवायला लागला की शेवटचा सूर फुटायला लागला, घसा बसलेल्या माणसासारखा. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

मग मी जे काही केलं त्याची यादी द्यायला लाज वाटते पण सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. एक, खुराड्याच्या वरच्या सगळ्या फटी गोणपाट ठोकून बंद केल्या, का तर हवा गार होती आणि गार हवेने सर्दी होते. दोन, निलगिरीच्या तेलाची वाफ दिली. बादलीत गरम पाणी, त्यात तेलाचे थेंब, बादली खुराड्यात ठेवून दार बंद. पाच मिनिटांनी आत बघतो तर निम्म्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकतायत. उग्र वासाने पक्ष्यांच्या श्वासनळीची आणखी आग होते, हे मला नंतर कळलं. तीन, घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्या, किती टाकायच्या हे अंदाजाने. आई म्हणाली, "अरे, डॉक्टरला विचार ना." मी म्हटलं, कोंबडीसाठी कुठे डॉक्टर.

पाच दिवस असे गेले. या पाच दिवसांत एक गोष्ट मात्र बरोबर केली आणि ती पण चुकून. रात्री खुराड्याचं दार नीट लागलंय का बघायला गेलो तेव्हा टॉर्चची बॅटरी संपली. अंधारात कोंबड्या दांडीवर गप्प बसतात, हलत नाहीत, कॉक् कॉक् नाही, उकरणं नाही. त्या शांततेत मला आवाज ऐकू आले. एकीकडून बारीक शिट्टी, एकीकडून हुक्क्याच्या पाण्यासारखी गुडगुड, आणि एकीकडून दर श्वासाला टक्, टक् असा आवाज, जिभेने टाळू वाजवल्यासारखा. दिवसा मला तीन आजारी दिसत होत्या. अंधारात मोजल्या तर सहा ते सात. कोंबडी दिवसा आजार लपवते, म्हणजे अगदी गळ्याशी येईपर्यंत, कारण कळपात दुबळी दिसली की बाकीच्या टोचतात, आणि शिकारी पण दुबळीलाच उचलतो. रात्री झोपेत लपवता येत नाही. तेव्हापासून रोज रात्री मी दहा मिनिटं खुराड्याजवळ नुसता उभा राहायचो. शेजारचे काय समजले असतील देव जाणे.

सहाव्या दिवशी ठेंगणी गेली. ती सगळ्यात म्हातारी, सहा वर्षांची, आम्हाला दुसऱ्याकडून मिळालेली, अंडी बंद झालेली पण कुणाच्या अंगावर बसून झोपायची सवय. सकाळी दांडीखाली पडलेली होती, पंख पसरून. मुलगी शाळेत गेल्यावर मी तिला दुहेरी पिशवीत घातलं आणि मग डॉक्टरांना फोन केला. जनावरांच्या डॉक्टर, बाई आहेत, गायी-म्हशी जास्त बघतात पण कोंबड्यांचं पण कळतं.

फोनवर पहिल्यांदा त्यांनी मला औषधाचं काहीच सांगितलं नाही, नुसते प्रश्न. किती मेल्या, किती दिवसांत? एकदम पटापट मेल्या का? तुरा निळा-जांभळा पडलाय का, तोंड सुजलंय का? मान वाकडी होते का, पाय लुळे पडतात का? हिरवे पाण्यासारखे जुलाब? शिंकेतून, खोकल्यातून रक्त? आसपास बदकं, पाणपक्षी येतात का? मी एकेकाला नाही म्हणत गेलो आणि प्रत्येक नाहीला त्यांचा आवाज थोडा सैल होत गेला. नंतर त्यांनी सांगितलं की हे प्रश्न बर्ड फ्लू आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, हे आजार बाजूला काढायला होते. दोन-तीन दिवसांत धडाधड मेल्या असत्या तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं, मेलेली उघडायची नाही, कुठे फेकायची नाही, दुसऱ्याच्या कोंबड्यांकडे जायचं नाही. बर्ड फ्लू माणसाला होऊ शकतो म्हणून. माझ्याकडे सहा दिवसांत एक गेली, ती पण म्हातारी, म्हणून त्या म्हणाल्या, मी येते, मेलेली फ्रीजमध्ये ठेवा, डीप फ्रीजमध्ये नको, गोठली की आतलं नीट दिसत नाही. बायकोने भाज्यांचा खण रिकामा करून दिला. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

डॉक्टर आल्या त्या बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, मास्क, हातमोजे. मला वाटलं सरळ आजारी कोंबडी हातात घेतील, तर आधी खुराड्यात शिरल्या. आणि उभ्या राहिल्या नाहीत, गुडघ्यावर बसल्या, डोकं बसायच्या दांडीच्या उंचीवर नेलं आणि मला म्हणाल्या, "या, इथे वाका." मी वाकलो. डोळ्यात असं झणझणलं की पाणीच आलं. उभं राहिल्यावर मला फक्त नेहमीचा कोंबड्यांचा वास येत होता, खाली अमोनिया साचला होता. ओल्या भुशात विष्ठा कुजते, त्यातून अमोनिया सुटतो, आणि मी वरून गोणपाट ठोकून त्याला बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती. त्यांनी समजावलं ते असं, की श्वासनळीच्या आत डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक केस असतात, ते सतत हलत राहतात आणि कफ, धूळ, जंतू वर ढकलत असतात. अमोनियाने ते लुळे पडतात. मग आत गेलेलं आतच राहतं. हवेत दहा लाखात पंचवीस भागांच्या वर अमोनिया गेला की कोंबड्यांना त्रास सुरू झालाच म्हणून समजायचं, आणि आपल्या नाकाला वास कळायला लागतो तोच साधारण त्याच्या आसपास. म्हणजे आपल्याला वास आला तर उशीर झालेलाच असतो. "थंडीने कोंबडी मरत नाही हो," त्या म्हणाल्या, "अंगावर एवढी पिसं आहेत. कोंदट हवेने मरते."

तिथेच उभ्या उभ्या मी गोणपाट उपटून काढलं.

मग त्यांनी ठेंगणीला उघडलं, बाहेर, जुन्या पत्र्यावर. मी बघणार नव्हतो पण त्यांनी बोलावलं. कोंबडीचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत-आकसत नाही, ते बरगड्यांना चिकटून एका जागी असतं, आणि हवा खेळवायला अंगभर हवेच्या पिशव्या असतात, नऊ, पोटापर्यंत पसरलेल्या, काही हाडांच्या आत सुद्धा. निरोगी पिशवी म्हणजे साबणाच्या फुग्याचा पापुद्रा, असून नसल्यासारखी. ठेंगणीच्या पिशव्या दुधाळ, जाड झालेल्या, आणि दोन ठिकाणी पिवळट, चुरगळलेल्या पनीरसारखे गोळे चिकटलेले. डॉक्टर चिमट्याने तो गोळा उचलून म्हणाल्या, हे काही पाच दिवसांचं काम नाही, तिच्या आत हे आधीपासून थोडं असणार, आता उसळलं. तो पिवळा गोळा मला अजून आठवतो. ही बया शेवटच्या संध्याकाळपर्यंत दाणे टिपत होती.

त्यांचा अंदाज सीआरडीचा होता, म्हणजे मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या जंतूने होणारा जुनाट श्वासाचा आजार, आणि त्यावर ई-कोलाय हा दुसरा जंतू चढलेला. घशातले स्वॅब तपासणीला पाठवले, आठवड्याभराने तेच आलं. पण रिपोर्ट यायच्या आधी त्यांनी कॅलेंडरवरूनच ओळखलं होतं. नव्या कधी आणल्या? पहिली शिंक कधी? बारा दिवस. किती दिवसांत सगळ्यात पसरलं? हळूहळू, आठवडाभर, अजूनही चार-पाच ठीक आहेत. इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस असता तर दोन दिवसांत सगळं खुराडं शिंकत असतं, आणि अंडी सुरकुतलेली, आतला पांढरा बलक पाण्यासारखा. कोरायझा असता तर एक ते तीन दिवसांत, तोंड सुजलेलं, आणि असा घाण वास की विचारू नका. गळ्यातले कृमी असते तर शिंकण्यापेक्षा जांभया जास्त. मायकोप्लाझ्मा मात्र सावकाश येतो, साधारण एक ते तीन आठवडे घेतो, आणि नवी जागा, अंडी सुरू होणं, थंडी, गर्दी, कसलाही ताण आला की दबलेला असला तरी उसळतो. माझ्या त्या दोन टुणटुणीत तलंगा बहुतेक तो घेऊनच आल्या होत्या आणि त्यांना स्वतःला काहीच झालं नव्हतं. शेवटपर्यंत झालं नाही.

आणि माझं अमॉक्सिसिलिन? त्या हसल्या. तसली औषधं जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर काम करतात. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते. म्हणजे मी पाच दिवस नसलेल्या दारावर टकटक करत होतो.

औषध दिलं टायलोसिन, पाण्यातून, एक लिटरला अर्धा ग्रॅम, पाच दिवस. हे आमच्या पावडरसाठी, आमच्या कोंबड्यांसाठी. पावडरी वेगवेगळ्या जोराच्या मिळतात त्यामुळे हा आकडा उचलून वापरू नका, डब्यावर बघा आणि विचारा. दुसरं औषध डॉक्सिसायक्लिन पण चालतं असं त्या म्हणाल्या, पण ते दिलं तर शिंपल्यांचा चुरा आणि दही बंद ठेवायचं, कॅल्शियमला ते चिकटून बसतं आणि अंगी लागत नाही. मला वाटलेलं औषध पाण्यात टाकलं की झालं. नाही. खुराड्यातलं बाकी सगळं पाणी काढायचं, अगदी कुंडीखालच्या बशीतलं, ठिबकणाऱ्या नळाखालचं, कारण कोंबड्यांना औषधाची चव कळते आणि त्या शोधून दुसरीकडे पाणी पितात. रोज नवीन करायचं, कालचं ओतून द्यायचं. धडधाकट कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, पण आजारी पीत नाही. म्हणजे जिला औषध सगळ्यात जास्त हवं तिच्याच पोटात सगळ्यात कमी जातं. हा घोळ मला कुणी आधी सांगितला नव्हता.

म्हणून ज्या तीन जास्त आजारी, काळी, पिंगी आणि राखाडी, त्यांना वेगळं केलं. पडवीत मोठा क्रेट, खाली वर्तमानपत्र, भुसा नाही, कारण धूळ नको आणि विष्ठा दिसायला हवी. एका बाजूला बल्ब, दुसरी बाजू गार, म्हणजे जिला हवं तिने तिकडे सरकावं. तिघी एकत्रच ठेवल्या, एकटी कोंबडी झुरते.

आता ड्रॉपरचं सांगतो, कारण इथे मी पिंगीला जवळजवळ मारलंच होतं. डॉक्टर यायच्या आधी मी तिला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून, छातीशी दाबून, चोच उघडून ड्रॉपर थेट आत पिळला होता आणि ती खोकून निळी पडली. दोन चुका. कोंबडीला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, ती श्वास घेते तो छातीचं हाड पुढे-मागे हलवून, ते दाबून धरलं की बिचारी श्वासच घेऊ शकत नाही, तोंड मोकळं असलं तरी. आणि श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी, समोरच उघडं असतं. चोच उघडून बघा, बारीक फट उघडझाप करताना दिसते. पाणी तिथे पिळलं की ते सरळ फुप्फुसात. बरोबर पद्धत म्हणजे तिला मांडीवर सैल धरायचं, पंख फक्त आवरायचे, आणि चोचीच्या कडेला बाहेरून एक थेंब सोडायचा. थेंब फटीतून आत ओढला जातो, ती गिळते, मान वर करते, मग पुढचा. एक एक थेंब. दहा मिली पाणी द्यायला पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी मला वैताग आला, तिसऱ्या दिवशी तेच बरं वाटायला लागलं, ऑफिसचा फोन वाजला तरी उचलता यायचा नाही.

डोळ्यांचं काम मुलीने घेतलं. सलाइनमध्ये कापूस भिजवून पिंगीच्या डोळ्यावर आधी नुसता धरून ठेवायचा, मिनिटभर, मग पापणीची चिकट खपली आपोआप सुटते, ओढायची नाही. पापणी उघडली की आत डोळा बरा होता हे बघून मुलगी नाचली. नाकपुड्यांवर वाळलेलं जे असायचं ते पण तसंच ओलं करून काढायचं. नाक बंद असलेली कोंबडी खात नाही, एवढं साधं आहे, तिला चोच उघडी ठेवून श्वास घ्यावा लागतो मग दाणे टिपणार कधी.

खायला नेहमीचंच खाद्य, पण कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं. सोबत उकडलेलं अंडं कुस्करून. आमच्या घरात यावर वाद झाला, कोंबडीला अंडं कसलं देता म्हणून, पण काळीने वाटीत तोंड घातलं आणि वाद मिटला. राखाडी मात्र काही केल्या खाईना. तिची विष्ठा गडद हिरवी, थोडीशी. मी घाबरून डॉक्टरांना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या ते उपाशीपणाचं पित्त आहे, पोटात काही गेलं की रंग बदलेल. रोज सकाळी मी तिघींना बादलीत बसवून किचनच्या वजनकाट्यावर वजन करायचो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो. राखाडी पहिल्या दिवशी १६२० ग्रॅम, मग १५८०, १५३०, १५१०. हात लावला तर छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं लागायचं. दिसायला तशीच गुबगुबीत, पिसं फुगवून बसलेली असते ना. नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही, हात लावावा लागतो.

तिकडे खुराड्यात आम्ही सगळा भुसा काढला. ओला, काळा, खाली पोळ्यासारखा घट्ट झालेला. मास्क लावून, आणि भुसा थोडा शिंपडून, नाहीतर धुळीने उरलेल्या पण शिंकतात. दोन दिवस लागले. पाण्याचं भांडं सांडत होतं म्हणून भुसा ओला व्हायचा, ते विटांवर उंच ठेवलं, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, एवढाच बदल, आणि ओल निम्म्याने कमी झाली. वरच्या फटी मोकळ्या, खालून झोत येणार नाही असं बघून, म्हणजे हवा डोक्यावरून जावी, अंगावरून नाही. हा जंतू कोंबडीच्या बाहेर फार दिवस टिकत नाही, मोजके दिवस. त्यामुळे भांडी धुऊन, उन्हात टाकून, जंतुनाशकाने पुसून पुरतं, खुराडं जाळायची गरज नाही. आईचा तसा विचार होता. पण आपल्या कपड्यांवरून, हातांवरून, चपलांवरून जातो, म्हणून आधी धडधाकट कोंबड्यांचं काम, शेवटी आजारी, आणि मध्ये परत फिरायचं नाही. चपला वेगळ्या. माणसाला हा आजार होत नाही, ही एकच निश्चिंती.

अंडी. टायलोसिन सुरू असताना आणि डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे दिवस संपेपर्यंत अंडी खायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत. तशी अंडी थोडीच येत होती, पण रोज दोन-तीन खड्ड्यात पुरताना जीव तुटायचा.

औषधाचा तिसरा दिवस संपला त्या रात्री मी अंधारात उभा राहिलो तेव्हा गुडगुड बंद होती. शिट्टी होती, एक-दोन टक् टक् होते, पण ती हुक्क्याची गुडगुड गेली होती. सकाळी मास्तर आरवला, सूर अजून फाटलेलाच, पण आरवला. पाचव्या दिवशी मला वाटलं झालं, थांबवू का. डॉक्टर म्हणाल्या अजिबात नाही, पूर्ण दिवस भरा, मग बघू. तो दिवस संपवून थांबवलं. चार दिवसांनी दोघी परत शिंकायला लागल्या, मग त्यांनी दुसरा पाच दिवसांचा कोर्स दिला. हे उलटणं नेहमीचंच आहे म्हणे. मला मात्र त्या दिवशी सगळं सोडून द्यावंसं वाटलं होतं, खरं सांगतो.

राखाडीचा आकडा १४९० वर दोन दिवस अडकला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी क्रेटचं झाकण उचललं तर तिने माझ्या अंगठ्याला टोचलं. जोरात, रक्त आलं. मी बायकोला हाक मारून दाखवलं, बघ टोचलं, टोचलं! तिने आधी अंगठा बघितला, मग माझं तोंड. दुसऱ्या दिवशी १५२०. मग १५६०. विष्ठा तपकिरी, वर पांढरी टोपी, जशी असायला हवी तशी. विष्ठा बघून इतका आनंद झालेला माणूस मी पहिलाच नसेन.

क्रेटमधून परत खुराड्यात सोडताना घाई केली नाही. अडीच आठवडे बाहेर राहिलेल्या कोंबडीला बाकीच्या ओळखत नाहीत, परकी समजून मारतात, आणि अशक्त कोंबडीला तो मार पुरतो. आधी क्रेटच खुराड्यात नेऊन ठेवला तीन दिवस, जाळीतून एकमेकींना बघू दे. मग संध्याकाळी अंधार पडताना तिघींना एकदमच दांडीवर बसवलं. सकाळी थोडी टोचाटोची झाली, काळीने नव्या तलंगेला एक ठेवून दिली, आणि मिटलं.

आता जे कुणी सांगत नाही ते. या कोंबड्या बऱ्या झाल्या म्हणजे मोकळ्या झाल्या असं नाही. औषधाने जंतू दबतो, जात नाही. जन्मभर त्यांच्या अंगात राहणार, ताण आला की परत शिंक येणार. आणि तो अंड्यातून पिल्लात पण उतरतो. डॉक्टरांनी दोन रस्ते ठेवले होते: सगळ्या काढून टाका, काही आठवडे खुराडं रिकामं ठेवा, मग नव्या, तपासलेल्या आणा, नाहीतर यांनाच ठेवा, पण दार बंद. म्हणजे एक पण कोंबडी बाहेर द्यायची नाही, एक पण आत आणायची नाही, अंडी उबवायची नाहीत, खायची फक्त. मोठ्या फार्मवाल्याला पहिलाच रस्ता परवडतो आणि तेच बरोबर आहे. मी दुसरा घेतला. म्हणजे असं की या अकरा जातील तशा जातील आणि शेवटची गेली की खुराडं रिकामं. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने बोटांवर मोजून विचारलं, मग शेवटची कोण असेल? मी म्हटलं, मास्तर, तो मरायला पण आळस करेल.

परवाच ओळखीतल्या एकांनी विचारलं, तुमची काळी खुडूक बसलीय म्हणे, खाली पंधरा अंडी ठेवू आणि पिल्लं निम्मी निम्मी करू. जवळचा माणूस, मला कधी नाही म्हणता येत नाही, पण म्हटलं. का ते पण सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, म्हणाले, एवढ्या तर छान दिसतायत. मी म्हटलं, त्या दोन पण छानच दिसत होत्या हो.

पहिलं खाण्याजोगं अंडं आलं ते पाचव्या आठवड्याच्या शेवटी, पिंगीचं. कवच नेहमीपेक्षा फिकं आणि एका बाजूला थोडं खडबडीत. मुलीने पेन्सिलने त्यावर तारीख लिहिली आणि ते कुणी खायचं यावर इतकी चर्चा झाली की शेवटी ते फ्रीजमध्येच पंधरा दिवस राहिलं, त्याच भाज्यांच्या खणात.

रात्री मी अजून जातो. काल बारीक पाऊस होता, हवा गार, अशा हवेत मला जास्तच धाकधूक होते. दिवा न लावता उभा राहिलो. अकरा जणांचा श्वास ऐकू येत नव्हता, म्हणजे ठीक. निघणार एवढ्यात आतून एक छिक्. एकच. कुणाची ते कळलं नाही. पायात चपला घातलेल्या तशाच ठेवून अजून दहा मिनिटं थांबलो, मग पाऊस वाढला तेव्हा घरात आलो.